दहा इंची टॅब, नऊ महिन्यांनंतर: जिनिव्हाची बातमी वेळेत पोचते, पण कॅमेरा चुकीच्या कडेला

गेल्या शनिवारी सकाळी टॅब चार्जिंग घेईना. वायर बदलली, चार्जर बदलला, खोलीतला प्लग सोडून देवघराजवळच्या प्लगला लावून बघितला. बॅटरी ११ टक्के, तीही उतरतीला लागलेली. आणि त्याच संध्याकाळी आमच्या निवृत्तांच्या वार्तापत्राचा अंक यायचा होता. त्यानंतर सर्व्हिस सेंटरमध्ये जे झालं त्याचा राग अजून गेलेला नाही. पण या टॅबने नऊ महिन्यांत जे दिलं तेही सांगितलं पाहिजे, म्हणून सविस्तर लिहितोय.

स्पेसिफिकेशन सगळीकडे वाचायला मिळतात, ती पुन्हा देत नाही. दहा इंची, फक्त वायफायवाला, मे २०२५ मध्ये सोळा हजार आठशेला घेतला. मी तो कशासाठी घेतला ते मात्र सांगतो, कारण तुमचं काम वेगळं असेल तर माझ्या मताचा तुम्हाला उपयोग नाही.

मी जिनिव्हाला आयटीयूत, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघात, २१ वर्षं नोकरी केली. १९९२ ला रुजू झालो, त्याच वर्षाच्या अखेरीस खास परिषद भरवून संस्थेची रेडिओ, प्रमाणीकरण आणि विकास अशी तीन अंगं करण्यात आली. मी रेडिओत. देशोदेशींची सरकारं आपल्या उपग्रहांच्या फ्रिक्वेन्सीच्या नोंदी पाठवतात, त्या तपासायच्या आणि परिपत्रकात प्रसिद्ध करायच्या. ते परिपत्रक आधी दर आठवड्याला निघायचं, पुढे दर पंधरवड्याला. कागद कोणत्या तारखेला पोचला यावर एखाद्या देशाचा क्रम ठरायचा, म्हणून आमच्याकडे तारखेला फार मान. बातमी शिळी होऊन आली की माझा जीव तळमळतो, त्याचं मूळ तिथलं आहे.

२०१३ ला ६२ वर्षं पुरी झाली आणि कोल्हापूरला परत आलो. तेव्हापासून तिकडचा धागा म्हणजे दोनच गोष्टी: महिन्याच्या शेवटी येणारं पेन्शन आणि निवृत्त कर्मचाऱ्यांच्या संघटनेचं वार्तापत्र. हे वार्तापत्र कागदावर यायचं. शाहूपुरीतल्या आमच्या घरात खालच्या खोलीत मी सगळे अंक पत्र्याच्या ट्रंकेत रचून ठेवले होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला. राजाराम बंधाऱ्याजवळ धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ च्या वर गेलं. आम्ही सौ.च्या माहेरी राजारामपुरीत होतो. परत आलो तेव्हा ट्रंक उघडून बघितली, अंकांचा एकच लगदा झाला होता. पानं सुटी करायला गेलं की शाई बोटाला लागायची.

तरीसुद्धा कागद बंद होणार हे कळलं तेव्हा मी विरोधाचं पत्र लिहिलं होतं. सगळ्यांच्या घरी इंटरनेट नसतं, ऐंशीच्या पुढच्या माणसानं काय करायचं, वगैरे. त्या पत्रातला एकही मुद्दा खोटा नव्हता. पण एक गोष्ट मी स्वतः भोगूनही त्यात लिहिली नव्हती. २०२३ च्या डिसेंबरात मी आमच्या विभागातल्या सेनेगलच्या एका सहकाऱ्याला दरवर्षीप्रमाणे नव्या वर्षाचं कार्ड पाठवलं, आणि मार्चमध्ये अंक आला त्यात त्याचं नाव निधनाच्या यादीत होतं. तो ऑक्टोबरातच गेला होता. त्याच्या बायकोनं माझं कार्ड उघडलं असेल तेव्हा तिला काय वाटलं असेल, हा विचार कितीतरी दिवस डोक्यातून जात नव्हता.

तर टॅब. फोनवर वाचा की, असं मुलानं सुचवलं होतं. माझा फोन जुना, आणि वार्तापत्र दोन कॉलमचं पीडीएफ असतं. फोनवर एक ओळ वाचायला तीनदा सरकवावं लागतं. झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतलं तर पानाला पाच रुपये, चोवीस पानांचे एकशेवीस, आणि फोटो सगळे काळे. टॅबवर आडवं धरलं की अर्धं पान रुंदीला नीट बसतं आणि चष्मा न बदलता वाचता येतं. वाचायला हे यंत्र उत्तम आहे. पहिलाच अंक १७ मे च्या सोहळ्याचा होता: १८६५ साली पॅरिसमध्ये वीस देशांनी तारेच्या करारावर सह्या केल्या आणि आमची संस्था जन्मली, त्याला १६० वर्षं झाली. संस्थेच्या पहिल्या महिला महासचिव डोरीन बोगडान-मार्टिन यांचा फोटो होता, आणि मागे आमचा टॉवर. फोटो बोटांनी मोठा करत नेला आणि माझ्या जुन्या खोलीच्या मजल्यापर्यंत पोचलो. कागदावर हे जमलं नसतं, मान्य.

आता दोष. या टॅबचा पुढचा कॅमेरा लांब बाजूवर मधोमध आहे. आडवा धरलात तर ठीक. उभा धरलात तर तो उजव्या कडेच्या बरोबर मध्यावर येतो, म्हणजे जिथं माणूस अंगठा ठेवतो तिथंच. मी पट्टीनं मोजलं: खालच्या कोपऱ्यापासून सव्वाबारा सेंटिमीटर. अंगठा काढला तर टॅब निसटतो, ठेवला तर पडद्यावर अंधार. आणि पडद्याकडे बघितलं की कॅमेऱ्याला आपण बाजूला बघताना दिसतो.

याचं एवढं काय, असं म्हणाल. आमच्यासारख्यांसाठी हे फार मोठं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पेन्शन फंडाला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. ८० हजारांहून जास्त लाभार्थी जगभर विखुरलेले, त्यामुळे फंड तो काटेकोरपणे मागतो, आणि दाखला पोचला नाही तर पेन्शन थांबतं. पूर्वी मेच्या अखेरीस छापील फॉर्म निघायचा, सही करून परत पाठवायचा. २०२१ पासून त्याचं अॅपही आहे. एकदाच व्हिडिओ कॉलवर ओळख पटवून चेहरा नोंदवायचा, पुढे दरवर्षी अॅपसमोर चेहरा दाखवला की दाखला तयार. ज्यांनी स्थानिक चलनाचा ट्रॅक, म्हणजे राहत्या देशाच्या चलनावर पेन्शन ठरवून घ्यायचा पर्याय, घेतलाय त्यांचं राहण्याचं ठिकाणही त्यातूनच कळतं. मी डॉलरवर राहिलोय. २०१३ च्या सुरुवातीला डॉलर ५५ रुपयांच्या आसपास होता, आता ८५ च्या केव्हाच पुढे गेलाय, तेव्हा मला बदलायचं कारण पडलेलं नाही.

सौ. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली. ती नोव्हेंबरात बँकेत जाते, यादीत आपलं नाव शोधते, सही करते, येताना भाजी घेऊन येते. माझ्यासाठी ती सोय नाही. माझा पूर्ण भरवसा या कॅमेऱ्यावर.

जूनमध्ये व्हिडिओ कॉल झाला. समोरची बाई शांत, इंग्रजी स्वच्छ, पासपोर्ट बघितला, काम झालं. चेहरा नोंदवायची वेळ आली आणि या कॅमेऱ्यानं माझा अंत बघितला. उभा धरायचा, पडद्यावरच्या गोलात चेहरा आणायचा, तर माझा चेहरा गोलाच्या बाहेर डावीकडे. टॅब सरकवला तर हात थरथरायचा. अॅप जे मागतंय ते बरोबरच होतं, ते यंत्र मला देऊ देत नव्हतं. पाच वेळा फसलं. सहाव्या वेळी सौ.नं पारायणाचं लाकडी व्यासपीठ आणलं, ज्ञानेश्वरी बाजूला ठेवून त्यावर टॅब उभा केला आणि मला कॅमेऱ्याच्या समोर येईल असं खुर्चीत सरकून बसायला सांगितलं. दोन्ही हात मोकळे. एका दमात झालं. टॅब बनवणाऱ्या कंपनीला मी ही अडचण मोजमापासकट, फोटोसकट कळवली. 'आपल्या सूचनेबद्दल आभार' एवढंच उत्तर आलं. वयस्कर माणसं टॅब उभा धरतात, पुस्तक धरल्यासारखा, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

एवढ्यावर मी या टॅबला पाचात दोनच स्टार दिले असते. जुलैत तसं लिहूनही ठेवलं होतं. ऑक्टोबरात मत बदललं.

एका शुक्रवारी रात्री वार्तापत्राची छोटी पुरवणी ईमेलनं आली. निधनाचं एकच नाव. अर्जेंटिनाची, माझ्या शेजारच्या खोलीत बसायची ती बाई. अंत्यविधी सोमवारी, जिनिव्हातच. आयुष्यात पहिल्यांदा मला अशी बातमी अंत्यविधीच्या आधी कळली होती. रविवारी दुपारी, तिकडे सकाळ झाल्यावर, मी तिच्या नवऱ्याला टॅबवरूनच फोन लावला. ती कामात कशी होती ते सांगा, असं ते म्हणाले. घरी ती कामाचं बोलायची नाही. मग मी २००० साली इस्तंबूलला झालेल्या रेडिओ परिषदेबद्दल सांगितलं. रात्री दीड-दोनपर्यंत आम्ही कोष्टकं तपासत बसायचो, आणि तिनं एका देशाच्या नोंदीतली दशांश चिन्हाची चूक फक्त नजरेनं पकडली होती. तो देश लहान होता, त्यांच्याकडून विचारायलाही कुणी आलेलं नव्हतं. तिनं सकाळी स्वतः जाऊन त्यांना गाठलं. तिचा नवरा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, हे चार ओळींत लिहून पाठवाल का? मी त्याच संध्याकाळी टॅबवर लिहून पाठवलं. सोमवारी ते तिथं वाचलं गेलं.

सोळा हजार आठशे रुपयांचं दुःख मला तेव्हापासून राहिलेलं नाही.

बाकीचं थोडक्यात. आवाज पुरेसा, बॅटरी वाचनाला दोन दिवस जाते, मराठी टायपिंग सरावलं. पीडीएफमध्ये नाव टाकून शोधता येतं, हे फार कामाचं: आडनावं मोठ्या अक्षरांत असतात, त्यामुळे जुन्या अंकांतला माणूसही क्षणात सापडतो. पेन्शन फंडाच्या नावानं खोट्या मेलवर पासवर्ड मागतात, तिथं लिंक दाबू नका, साईटचा पत्ता स्वतः टाइप करा.

आता शनिवारचं. वॉरंटीचे तीन महिने शिल्लक, म्हणून सरळ कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या मुलीनं टॅब उघडलासुद्धा नाही. "सर, पिन तुटलीये, फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही. बोर्ड बदलावा लागेल, चार हजार सातशे." टॅब पडलेला नाही, आपटलेला नाही, व्यासपीठावरून खाली उतरत नाही. मी म्हटलं, लेखी द्या. म्हणाली, आम्ही लेखी देत नाही. मी म्हटलं, मग मी इथून हलत नाही. दीड तास बसलो. शेवटी मॅनेजरनं जॉबशीट दिली, त्यात 'ग्राहकाने दुरुस्ती नाकारली' असं लिहिलेलं. मी नाकारली नव्हती, मी किंमत नाकारली होती. ते वाक्य खोडून घेतलं, शेजारी त्यांची सही घेतली, मगच उठलो. तुम्ही गेलात तर जॉबशीट वाचल्याशिवाय सही करू नका.

तिथून बिंदू चौकाकडे एका लहान दुकानात गेलो. पोरगं विशीतलं. भिंग लावून बघितलं. "काका, बोर्डाला काय झालेलं न्हाई. पिनंत सगळी कापसाची तंतरं बसल्यात बघा, आणि एक पाय सैल झालाय." चिमट्यानं त्यानं बारीक लाल धागा ओढून काढला. तो कुठला ते मी लगेच ओळखलं: व्यासपीठावर ज्ञानेश्वरीला गुंडाळायचं लाल कापड, त्यावरच टॅब टेकलेला असायचा. पाय डाग देऊन घट्ट केला. साडेतीनशे रुपये, पंचवीस मिनिटं. वॉरंटी गेली, हे मला ठाऊक आहे. चार हजार सातशे आणि साडेतीनशे यांत मला विचार करावा लागला नाही. संध्याकाळी साडेसातला अंक आला तेव्हा बॅटरी ६४ वर होती. नोव्हेंबर २०२६ मध्ये दोह्याला आयटीयूची सर्वोच्च परिषद ठरली होती, तिची माहिती पहिल्याच पानावर. निधनाच्या यादीत या वेळी माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं.

सध्या चार स्टार. पाचवा कॅमेऱ्यासाठी कापलाय आणि तो परत देणार नाही. आखूड कडेला कॅमेरा असलेलं मॉडेल मिळत असेल तर तुम्ही तेच घ्या, दुकानात हातात उभं धरून, अंगठा कुठं येतो ते बघून. हेच घ्यायचं असेल तर लाकडी व्यासपीठ वेगळं घ्या. महाद्वार रोडला दोनशे-अडीचशेला मिळतं. पुढची पट्टी निदान बोटभर रुंद असलेलं मागा, नाहीतर टॅब घसरतो, आणि खाली कापड घालू नका.