एका दमात की कप्प्याकप्प्याने? सोलापुरातली दोन घरं उपसताना

गेल्या दोन वर्षांत मी दोन घरं उपसली. एक माहेरचं, साखर पेठेतलं माळवदाचं घर. आई आता माझ्याकडे राहते आणि ते घर विकायचं ठरलं होतं. दुसरं माझं स्वतःचं, जुळे सोलापुरातला फ्लॅट. माहेरचं घर आम्ही बहीण-भावांनी मिळून चार दिवसांत रिकामं केलं. फ्लॅटला मात्र वर्ष लागलं, कारण तिथे दर रविवारी एक कप्पा असा हिशेब होता. दोन्ही पद्धतींचं गुणगान करणारे भेटतात आणि दोघांचंही म्हणणं खरं आहे. माझं चुकलं ते एवढंच, की जिथे सावकाश जायला हवं होतं तिथे मी धावले आणि जिथे धावायला हवं होतं तिथे रेंगाळले. तुम्ही पदर खोचून उभ्या असाल, पण सुरुवात कशी करावी हे ठरत नसेल, तर हा हिशेब उपयोगी पडेल.

आधी चार दिवसांचा धडाका. दादा पुण्याहून गुरुवारी रात्री आला, सोमवारी त्याला परत जायचं होतं. एका दमात उपसण्याचा सगळ्यात मोठा फायदा असा की ढीग डोळ्यांना दिसतो. जपानहून आलेली एक पद्धत नेटवर बरीच गाजली आहे. खोलीवार न आवरता एका प्रकारच्या सगळ्या वस्तू घरभरातून एका जागी आणायच्या आणि मग ठरवायचं, अशी ती. ती आम्ही नकळत वापरली. ट्रंकेत चार, कपाटात सहा, पलंगाखाली दोन असं असतं तेव्हा काही वाटत नाही. सगळं सोप्यात एकत्र आणलं तेव्हा टॉवेल-टोप्यांचे सदतीस जोड निघाले. वडिलांचे सत्कार, लग्नातले मानपान, वास्तुशांतीचे आहेर. कोऱ्या, घडी न मोडलेल्या अकरा चादरी. जग सोलापुरात येऊन चादर विकत नेतं आणि आपण एकमेकांना आहेरात तीच देतो! ब्लाऊज पीस तर मोजलेच नाहीत. त्यातले किमान दोन मीच कधीतरी दुसऱ्या कोणाच्या ओटीत घातलेले असावेत, फिरून घरी आले होते.

त्या पद्धतीत वस्तू हातात घेऊन ‘हिच्यामुळे आनंद होतो का’ असं स्वतःला विचारतात. साडीला, पुस्तकाला, शोपीसला हा प्रश्न बरोबर लागू पडतो. पाण्याच्या पिंपाला विचारून बघा. सोलापुरात वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड नळाला पाणी आलं आहे. उजनीवरून दुसरी जलवाहिनी टाकली गेली, तरी साठवणीची सवय एका दिवसात जात नाही. आईकडे पिंपं, घागरी, कळशा, बादल्या मिळून चौदा भांडी पाण्याची होती. पुण्याच्या वहिनीला ती अडगळ वाटली. आईला ती अडगळ वाटणं शक्यच नव्हतं. वर्षभर वापरली नाही ती वस्तू काढा, हा नियम छान आहे, पण पाणी आठवडाभर आलं नाही तर काय करायचं हे त्या नियमात लिहिलेलं नसतं. माझं मत, पिंपांना शेवटपर्यंत हात लावू नका. फुटकं, गळकं तेवढं काढा.

धडाक्याचा तोटा तिसऱ्या दिवशी कळतो. माणूस दमला की भाव करत नाही. दुपारी भंगारवाला टेम्पो घेऊन आला. त्याने ढिगाभोवती एक चक्कर मारली आणि सरसकट एक आकडा सांगितला. दादा म्हणाला, “देऊन टाक गं, संपव.” त्या ढिगात पत्र्याचे डबे होते, मोडका कूलर होता, आणि खाली पितळी बंब होता. पितळेचा किलोचा भाव लोखंडाच्या कितीतरी पट असतो. तांब्याचा त्याहून वर. आम्ही तो बंब पत्र्याच्या भावात घातला. सरसकट सौदा नेहमी घेणाऱ्याच्या फायद्याचा असतो हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण तेव्हा पाठ दुखत होती.

त्यामुळे धडाका लावणार असाल तर आदल्या रात्रीच धातू वेगळे करून ठेवा. खिशात लहानसं लोहचुंबक असू द्या. चिकटलं तर आत लोखंड आहे, वरून कितीही पिवळं दिसो. पितळ-तांबं भंगारात घालण्यापेक्षा भांड्यांच्या दुकानात मोडीत द्यावं. तिथे वजन करून मोडीचा भाव लावतात आणि पाहिजे तर तेवढ्या किमतीचं नवं भांडं देतात. काटा समोर असतो, घाई नसते.

बंबाचं दुःख एकवेळ गिळता येईल. कागदांचं प्रकरण जास्त गंभीर होतं. वडील मिलमध्ये होते. मिल बंद पडल्यावरही त्यांनी गेट पास, पगाराच्या चिठ्ठ्या, सगळं एका पिशवीत जपून ठेवलेलं. ती पिशवी रद्दीच्या गठ्ठ्यात गेली होती. सुतळी बांधताना एक पासबुक खाली पडलं म्हणून वाचलं. कोणालाच आठवत नसलेलं खातं आणि त्यात थोडी ठेव. दहा वर्षं व्यवहार झाला नाही तर बँक अशी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग करते, पण हक्क बुडत नाही. वारसांना बँकेमार्फत मागता येते. रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ‘उद्गम’ नावाचं पोर्टल सुरू केलं, त्यावर नाव टाकून अशा ठेवी शोधता येतात. शेअरचे जुने कागद निघाले तर तेही रद्दी समजू नका. सलग सात वर्षं लाभांश कोणी घेतला नाही तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे जातात आणि तिथूनही अर्ज करून परत मिळवता येतात. खरेदीखत, मिळकत कराच्या पावत्या, उतारे, मृत्यूचा दाखला यांच्याबद्दल तर बोलायलाच नको.

आणि हो, डाळीच्या डब्यात पाचशेच्या तीन जुन्या नोटा निघाल्या, २०१६ च्या आधीच्या. आईने अडीअडचणीला ठेवल्या होत्या. अडचण आली तेव्हा नोटाच उरल्या नाहीत. आईचं मत, सरकारने तिला विचारायला हवं होतं.

आता दुसरी बाजू, दर रविवारचा एक कप्पा. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. दमणूक नाही, घरात पसारा नाही, स्वयंपाक अडत नाही. पहिले सहा आठवडे उत्साहात गेले. नंतर लक्षात आलं की वस्तू घराबाहेर जातच नाहीत, नुसत्या कप्पे बदलतात. स्वयंपाकघरातला जादा कुकर गॅलरीत गेला, गॅलरीतला मोडका स्टूल माळ्यावर. ‘द्यायचे’ असं लिहिलेली पिशवी दाराशी तीन महिने उभी होती. तिच्यातून सासूबाई अधूनमधून एकेक कपडा परत काढून नेत. संक्रांतीचं हळदीकुंकू आलं आणि वाणाच्या प्लॅस्टिकच्या वाट्या-डब्यांनी रिकामा केलेला कप्पा परत भरला. जानेवारीत सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा असतोच, तिथून कोण रिकाम्या हाताने येतं?

सावकाश पद्धतीचा खरा फायदा मला माझ्या कप्प्यांत मिळाला नाही, आईच्या एका ट्रंकेत मिळाला. साखर पेठेतून एवढी एकच ट्रंक न उघडता आणली होती. ती आम्ही दोघींनी महिनाभर रोज दुपारी थोडी थोडी पाहिली. आई प्रत्येक साडीचं सांगायची आणि सांगून झालं की स्वतःच म्हणायची, “ही दे कुणाला.” सांगायला मिळालं की सोडायला हरकत नसते तिची. बंबाबद्दल तिला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “मला विचारलं असतंस तर मोडीत कुठे द्यायचा ते सांगितलं असतं.”

म्हणून माझा निकाल असा. वस्तू स्वतःच्या असतील तर एका दमात. त्यांच्याबद्दलचं सगळं आपल्याला ठाऊक असतं, वेळ मिळाला तर आपण फक्त सबबी शोधतो. वस्तू आई-वडिलांच्या असतील आणि ते हयात असतील तर कप्प्याकप्प्याने, त्यांना शेजारी बसवून. घराचा ताबा द्यायची तारीख जवळ असेल तर मधली वाट अशी: कागद आणि ट्रंका न उघडता आपल्या घरी आणायच्या, बाकीचं एका दमात. पैशांचा विचार केला तर सावकाश पद्धत जास्त मिळवून देते. भांडणं मात्र धडाक्यात कमी झाली, कारण भांडायलाही वेळ लागतो.

आणखी एक प्रकार आहे. मन धजत नसेल तर वस्तू खोक्यात भरायच्या, वर तारीख घालायची, सहा महिन्यांत खोकं उघडावं लागलं नाही तर न बघता द्यायचं. मुलांच्या खेळण्यांना उत्तम. पुस्तकांना आणि कागदांना चुकूनही नको.

कोणत्याही वेगाने गेलात तरी वस्तू कोणाकडे द्यायची हे आधी ठरलेलं हवं, नाहीतर ती दाराशीच उभी राहते. पँट-शर्ट, मुलांचे कपडे, बरे पंजाबी ड्रेस यांना बोहारीण बरी. ती पैसे देत नाही, भांडं देते, म्हणजे घरात पुन्हा एक वस्तू वाढतेच. लहानातलं लहान भांडं मागून घ्या. जरीची जुनी साडी तिला देऊ नका. खऱ्या जरीत चांदीची तार असते आणि जुनी जर घेणारे वेगळे असतात. विरलेल्या सुती साड्या आणि धोतरं बोहारीण घेत नाही, पण वाकळ त्यांचीच चांगली होते. आईच्या पाच-सहा साड्यांची मी एक शिवून घेतली. नायलॉन-पॉलिस्टर त्यात घालू नका, सरकतं आणि उन्हाळ्यात अंगाला भाजतं.

ऑनलाइन विकण्याचा माझा अनुभव मध्यम. लाकडी कपाट आणि फ्रिज यांना भंगारापेक्षा पुष्कळ जास्त मिळाले, पण त्यासाठी “लास्ट किती?” असं विचारणारे वीसेक फोन घ्यावे लागले. एकाने न पाहताच भाव कबूल केला आणि पैसे पाठवतो म्हणून क्यूआर कोड धाडला. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. दोन्ही फक्त पैसे देताना लागतं. फोन ठेवून द्यावा.

दान करताना एक पथ्य पाळा, आपण स्वतः वापरलं असतं तेच द्या. वॉकर, कमोडची खुर्ची, चाकाची खुर्ची अशा गोष्टी रुग्णोपयोगी साहित्य देणाऱ्या केंद्रांना खरंच हव्या असतात, उरलेली औषधं मात्र कोणालाच देऊ नका. पुस्तकं वाचनालयात द्यायची तर आधी यादी दाखवा. गठ्ठा नेऊन टाकला तर त्यांचीच अडगळ वाढते. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी दुकानदाराकडे द्या, नव्या बॅटरीत किंमत वजा होते. जुना फोन देण्याआधी त्यातलं सगळं पुसा. देवांच्या फुटक्या तसबिरी लोक पिंपळाखाली नेऊन ठेवतात. मी काच आणि चौकट वेगळी केली, कागद बादलीत भिजवून लगदा केला आणि तुळशीच्या कुंडीत घातला. आईला ते पटलं.

अडकले ते नाव घातलेल्या भांड्यांपाशी. ‘चि. सौ. कां.’ पासून सुरू होणारी आख्खी ओळ ताटाच्या काठावर कोरलेली. ती ताटं कोणाला दिली तर आपलं लग्न दुसऱ्याच्या पंगतीत वाढल्यासारखं वाटतं. शेवटी भावंडांनी दोन-दोन वाटून घेतली, बाकीची समाजाच्या कार्यालयात दिली. तिथे अशी शेकडो नावं एकमेकांवर रचलेली असतात.

वेळेचं सांगायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर असताना पत्र्याच्या खोलीत किंवा माळ्यावर चढू नका, दहा मिनिटांत सगळंच भंगारात द्यावंसं वाटेल. टेम्पो सकाळी लवकर बोलवा. आणि दिवस ठरवण्याआधी पाणी कधी येणार ते बघून घ्या. आम्ही पहिला दिवस नेमका पाण्याचा धरला होता. ज्या पिंपांवरून वहिनी आणि आई यांच्यात आदल्या रात्री वाद झाला, ती सकाळी वहिनीनेच भरली.