सिस्टिक फायब्रोसिस आणि एनटीएम कल्चर: कोल्हापुरातील एका प्रयोगशाळेचे परीक्षण

राजारामपुरीतील एका खासगी सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेकडे मी गेली काही वर्षे सिस्टिक फायब्रोसिसच्या (फुफ्फुसांत चिकट कफ साचवणारा आनुवंशिक आजार) रुग्णांची थुंकी एनटीएम, म्हणजे क्षयेतर मायकोबॅक्टेरिया (क्षयाच्या जंतूच्या कुळातले, पण क्षय न करणारे जिवाणू), कल्चर करून, म्हणजे पोषक माध्यमात वाढवून, शोधण्यासाठी पाठवत आलो आहे. छातीविकाराच्या इतर डॉक्टरांना आणि पालकांना उपयोग व्हावा म्हणून या सेवेविषयी लिहीत आहे.

या कामातली खरी अडचण स्यूडोमोनासची असते. सिस्टिक फायब्रोसिसच्या फुफ्फुसांत हा जिवाणू वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेला असतो आणि एनटीएमची वाढ दिसू लागण्याआधीच सगळे माध्यम व्यापून टाकतो. क्षयरोगाच्या नमुन्यावर इतर जिवाणू मारण्यासाठी सोडियम हायड्रॉक्साइड आणि ॲसिटिल सिस्टीन यांची प्रक्रिया बहुधा पुरते, येथे ती अनेकदा अपुरी पडते. त्यावर 5 टक्के ऑक्झॅलिक आम्लाची जोड दिली तर स्यूडोमोनास आटोक्यात येतो. परंतु प्रक्रिया जितकी कडक, तितके एनटीएमही मरतात, आणि ज्याच्या थुंकीत ते मोजकेच आहेत त्याचा अहवाल खोटा निगेटिव्ह येण्याचा धोका वाढतो. ही प्रयोगशाळा आधी सौम्य प्रक्रिया करते, नमुन्याचा काही भाग शीतकपाटात राखून ठेवते आणि पहिले माध्यम दूषित झाले तरच त्या भागावर ऑक्झॅलिक आम्ल वापरते. माझ्या मते या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू हीच आहे.

नमुना स्वीकारतानाही त्यांची शिस्त दिसते. थुंकी बाहेर काढू न शकणाऱ्या एका मुलाच्या घशाचा स्वॅब मी पाठवला होता, तो त्यांनी परत केला आणि तीव्र मिठाच्या पाण्याची वाफ देऊन थुंकी घेण्यास सुचवले. ते योग्यच होते, कारण एनटीएमच्या तपासणीसाठी घशाचा स्वॅब भरवशाचा नसतो. गडहिंग्लज-चंदगडकडून येणारे नमुने बर्फाच्या डब्यातून आणि चोवीस तासांच्या आत पोहोचावेत, असा त्यांचा आग्रह असतो.

माध्यमांच्या बाबतीत मात्र हात आखडता आहे. अमेरिकेतील सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशन आणि युरोपीय सिस्टिक फायब्रोसिस सोसायटी यांच्या 2016 च्या शिफारशींनुसार द्रव आणि घन अशी दोन्ही माध्यमे वापरायला हवीत. येथे अर्जावर वेगळे लिहून दिले नाही, तर केवळ एमजीआयटीची, म्हणजे द्रव माध्यमाची, नळी 42 दिवस यंत्रात राहते आणि लोवेनस्टाइन-जेन्सनचे घन माध्यम वापरलेच जात नाही. न्यूकॅसलमध्ये विकसित झालेले, झपाट्याने वाढणाऱ्या मायकोबॅक्टेरियांसाठीचे आरजीएम माध्यम त्यांच्याकडे नाही. त्यावर थुंकी कोणत्याही प्रक्रियेविना थेट पसरता येते, म्हणून ॲब्सेसस ही झपाट्याने वाढणारी एनटीएम प्रजाती शोधण्यासाठी ते आणावे असे मी त्यांना सुचवले आहे.

माझी मुख्य तक्रार अहवालाविषयी आहे. एका रुग्णाचे माध्यम दूषित झाले असताना अहवालात ‘वाढ नाही’ असे छापून आले. विचारणा केल्यावर सुधारित अहवाल मिळाला. पण न विचारणाऱ्या डॉक्टराने तो रुग्ण एनटीएममुक्त मानला असता. वाढ झाली, तर एमपीटी64 ही क्षयाचा जंतू ओळखणारी चाचणी निगेटिव्ह असल्याचे सांगून ‘एनटीएम’ एवढाच शेरा दिला जातो. एवढ्यावर उपचार ठरवता येत नाहीत. एव्हियम गट (हळू वाढणारे एनटीएम) आणि ॲब्सेसस यांची औषधे वेगळी आहेत, आणि ॲब्सेससच्या काही उपप्रजातींत ईआरएम41 या जनुकामुळे क्लॅरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचा प्रतिरोध उशिरा प्रकट होत असल्याने त्या औषधाची संवेदनशीलता चाचणी 14 दिवसांपर्यंत वाचावी लागते. प्रजाती ओळखण्यासाठी नमुना बाहेर पाठवण्याची सोय आहे, मात्र ती मागावी लागते.

ज्या भागात सूक्ष्मदर्शकाखाली ॲसिड-फास्ट जिवाणू (क्षयाचे जंतू आणि एनटीएम दोन्ही असेच दिसतात) दिसताच क्षयाची औषधे सुरू होतात, त्या भागात या तपशिलाला फार महत्त्व आहे. स्मिअर (सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी) पॉझिटिव्ह आणि सीबीनॅट (क्षयाच्या जंतूची जनुकीय चाचणी) निगेटिव्ह असेल, तर एनटीएमचे कल्चर सांगावेच.

या त्रुटी असूनही मी नमुने तेथेच पाठवतो. अर्जावर ‘सिस्टिक फायब्रोसिस, द्रव व घन माध्यम, प्रजातीनिश्चिती’ असे स्पष्ट लिहितो, आणि वाढलेला जिवाणू पुढील अहवालापर्यंत जपून ठेवायला सांगतो, कारण थुंकीतून रोगनिदान पक्के करण्यासाठी दोन वेगवेगळ्या नमुन्यांत तीच प्रजाती सापडावी लागते.