ब्रिटनचा दोन वर्षांचा व्हिजिटर व्हिसा: दोन फेऱ्यांनंतरचा अनुभव

आमच्या पासपोर्टवर ब्रिटनच्या व्हिसाचा स्टिकर लागून नऊ महिने झाले. एवढ्यात आम्ही दोघं दोनदा लेकीकडे जाऊन आलो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. हे शेती करतात, निलंगा तालुक्यात सात एकर. नोकरदारांनी कोणते कागद लावायचे ते कुणीही सांगतं: पगाराची स्लिप, फॉर्म सोळा, रजेचं पत्र. सातबाऱ्यावर चालणाऱ्या घरानं काय लावायचं, हे आम्हाला कुणीच धड सांगितलं नाही. त्यापायी आमचा पहिला अर्ज नाकारला गेला.

तो आम्ही २०२५ च्या फेब्रुवारीत केला होता. लेकीची तारीख एप्रिलमधली, पहिलंच बाळंतपण, तेही तिकडे. डिंकाचे लाडू करून डबे भरून ठेवले होते. सहा महिन्यांच्या व्हिसाची फी तेव्हा माणशी ११५ पौंड होती. एजंट म्हणाला, "बाई, खात्यात वजन पाहिजे. एक चार लाख फिरवून घ्या कुणाकडून तरी." माझ्या भावानं चार लाख ह्यांच्या खात्यात टाकले आणि वीस दिवसांत अर्ज गेला. तीन आठवड्यांनी नकार आला, दोघांनाही. पत्र इंग्रजीत होतं, लेकीनं फोनवर वाचून दाखवलं: ही रक्कम कुठून आली ते कळत नाही, जाहीर केलेल्या उत्पन्नाशी ती जुळत नाही, त्यामुळे भेट संपल्यावर तुम्ही परत जाल याची खात्री वाटत नाही. हे ऐकत बसले होते. म्हणाले, "जमीन सोडून मी कुठं जाणार आहे?" लेकीच्या बाळंतपणाला मी नव्हते, ही गोष्ट मला आजही बोचते. फी परत मिळत नाही आणि अशा नकारावर अपीलही नसतं. कारण दुरुस्त करून नव्यानं अर्ज करायचा, एवढीच वाट उरते.

दुसऱ्या वेळी एजंटाला बाजूला ठेवलं. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरचा फॉर्म मी आणि लेकीनं फोनवर बोलत बोलत चार संध्याकाळी भरला. आधी नकार मिळालाय का, हा प्रश्न फॉर्ममध्ये असतो. तिथं आम्ही खरं तेच लिहिलं आणि कारणही लिहिलं. काही लोक हे लपवायला सांगतात, त्यांचं ऐकू नका. खोटी माहिती दिल्याचं उघडकीला आलं तर दहा वर्षांपर्यंत दारं बंद होऊ शकतात.

आता कागदांचं. ब्रिटनच्या भेटीच्या व्हिसाचा निर्णय बहुधा कागदांवरूनच होतो, मुलाखत क्वचितच. माझे दीर-जाऊबाई अमेरिकेला जाऊन आले, त्यांची तऱ्हा वेगळी. डीएस-१६० फॉर्म, १८५ डॉलर फी, एके दिवशी बोटांचे ठसे, मग मुंबईत वकिलातीत खिडकीपुढे उभं राहून दोन-तीन मिनिटांची मुलाखत. नेलेल्या फायलीतला एक कागदही कुणी मागितला नाही. तिथं माणसाला बोलता यावं लागतं. ब्रिटनच्या अर्जात आपल्या वतीनं कागदच बोलतात, म्हणून ते एकमेकांशी जुळले पाहिजेत.

माझं सोपं होतं. पेन्शन दर महिन्याला खात्यात येते, आयकर विवरणपत्र भरलेलं असतं. ह्यांचं अवघड. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, त्यामुळे विवरणपत्र नाही. सोयाबीनचे पैसे इतकी वर्षं आडत्याकडून रोख यायचे. त्यातून खताचं उधार फिटायचं, उरलेले कपाटात. म्हणजे बँकेच्या लेखी ह्यांचं उत्पन्न शून्य, आणि त्या शून्यात अचानक चार लाख. आता मागे वळून पाहिलं की त्या अधिकाऱ्याला काय दिसलं असेल ते मला कळतं.

या वेळी लातूरच्या आडतीवर जाऊन त्या हंगामाच्या सगळ्या पट्ट्या, म्हणजे माल विकल्याच्या पावत्या, काढून आणल्या. बावन्न क्विंटल सोयाबीन होतं. हमीभाव ४,८९२ रुपये होता, आम्हाला बाजारात त्याहून बराच कमी मिळाला, तरी दोन लाखांच्या वर रक्कम झाली. ज्या पट्टीचे पैसे पुढे खात्यात भरले होते, तिच्यासमोर बँकेच्या उताऱ्यातली तारीख पेन्सिलीनं लिहिली. डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ-अ, म्हणजे जमिनीचा खातेउतारा, काढला. भावाचे चार लाख परत केल्याची नोंद उताऱ्यात होतीच, तिच्याखाली रेघ ओढली. मग दीड पानांचं पत्र लिहिलं: शेती किती, पिकं कोणती, वर्षाला काय येतं, घरखर्च काय, आम्ही नसताना शेत कोण बघणार, तिकिटाचे पैसे आमचे आणि तिकडे राहणं-जेवण लेकीकडे. लेकीनं तिचं पत्र, पगाराच्या स्लिपा, बँकेचा उतारा आणि घराचा भाडेकरार दिला. आगाऊ तिकीट काढलं नाही. व्हिसा हाती येण्याआधी तिकिटाचे पैसे भरा, असं ब्रिटिश सरकारही म्हणत नाही.

मराठी कागदांना पूर्ण भाषांतर लागतं. त्यावर भाषांतर अचूक असल्याचा मजकूर, तारीख, भाषांतरकाराचं नाव, सही आणि संपर्क हवा. भाषांतर होऊन आल्यावर ते स्वतः वाचा. आमच्या सातबाऱ्यावर २ हेक्टर ८० आर आहे (आर म्हणजे हेक्टरचा शंभरावा भाग). भाषांतरात 'आर'चा एकर झाला होता, म्हणजे सात एकरांचे ऐंशी एकर! पत्रात सात एकर आणि भाषांतरात ऐंशी एकर असं गेलं असतं तर पुन्हा तोच घोळ. मी वही तपासावी तशी ओळ न ओळ तपासली म्हणून सापडलं.

ब्रिटनच्या अर्जासाठीही बोटांचे ठसे द्यावे लागतात, त्याला मुंबई-पुण्यापेक्षा आम्हाला हैदराबाद सोयीचं पडतं, बिदरवरून सरळ रस्ता. निजामाच्या काळात आमचा भाग हैदराबाद संस्थानातच होता, तोच रस्ता पुन्हा धरला. व्हिसा केंद्रात माझं पाच मिनिटांत झालं. ह्यांची बोटं मशीन घेईना. खुरप्यानं, विळ्यानं झिजलेली बोटं, अंगठ्याच्या पेरावर आडवी भेग. रेशनच्या दुकानातही हाच त्रास होतो. तिथल्या मुलीनं ओल्या फडक्यानं बोटं पुसून घेतली, थोडं क्रीम लावलं, तिच्या हातानं हलकेच दाबून धरली. चौथ्या वेळेला हिरवा दिवा लागला. तिनं एकदाही आवाज चढवला नाही. शेतकरी माणसाला माझं सांगणं आहे की जाण्याआधी आठ-दहा दिवस रात्री हाताला तेल लावा, आणि निंदणी-फवारणीतून जमेल तेवढी सुट्टी घ्या.

आता सहा महिन्यांचा व्हिसा की दोन वर्षांचा? आम्ही मे २०२५ मध्ये दुसरा अर्ज केला तेव्हा सहा महिन्यांची फी १२७ पौंड होती, दोन वर्षांची ४७५. हिशेब मांडला तर दोन वर्षांत चार वेळा स्वतंत्र सहा महिन्यांचा व्हिसा काढला तरच दोन वर्षांचा स्वस्त पडतो. इतक्या वेळा कोण जातं? शिवाय दोन वर्षांचा मागितला आणि कमी मुदतीचा मिळाला किंवा नकार आला, तर वरचे पैसे परत येत नाहीत. दोघांचे ९५० पौंड पणाला लावायचे म्हणून मला रात्रभर झोप नव्हती. तरी घेतला, कारण आमचं जाणं पिकाच्या वेळापत्रकावर चालतं. पेरणी उरकली की सोयाबीनची रास, म्हणजे मळणी, येईपर्यंत एक फट असते, दुसरी फट हरभरा पेरून झाल्यावर. या दोन्ही फटी एका सहा महिन्यांत नीट बसत नाहीत. आणि दरवेळी पट्ट्या, भाषांतर, हैदराबाद, ती बोटं, पुन्हा तीन आठवड्यांची धास्ती, हे ह्यांच्यानं झालं नसतं. म्हणजे ते जास्तीचे पौंड आम्ही पुन्हा अर्ज न करण्यासाठी मोजले. ज्यांना एकदाच जायचंय, किंवा ज्यांचा पहिलाच परदेश प्रवास आहे, त्यांनी सहा महिन्यांचाच घ्यावा. तोही बहुधा मुदतीत एकापेक्षा जास्त वेळा ये-जा करू देतो.

मुदतीबद्दल एक गैरसमज आमच्या गावातही आहे. दोन वर्षांचा व्हिसा म्हणजे सलग दोन वर्षं राहणं नव्हे, एका भेटीत जास्तीत जास्त सहा महिने. आणि सारखं जाऊन-येऊन तिथंच बिऱ्हाड केल्यासारखं राहिलं तर दारात अडवू शकतात. व्हिसाचा काळ आपण अर्जात लिहिलेल्या प्रवासाच्या तारखेपासून धावायला लागतो, म्हणून ती तारीख उगाच लवकरची टाकू नका. प्रवासाच्या फार तर तीन महिने आधी अर्ज करता येतो.

पहिली फेरी जुलैअखेर ते सप्टेंबरअखेर. विमानतळावर अधिकाऱ्यानं विचारलं, कुणाकडे, किती दिवस, परतीचं तिकीट आहे का. मग नातवाकडे बोट दाखवून, म्हणजे माझ्या मोबाइलवरच्या फोटोकडे, विचारलं, ह्याला सांभाळायला आलात का? मी सांगितलं, भेटायला आले, दोन महिने त्याच्याशी खेळून परत जाणार, ऑक्टोबरात आमची रास आहे. हा प्रश्न साधा नाही. आजीनं भेटीच्या काळात नातवंड बघायला हरकत नसते. पण आई-बापाला नोकरी करता यावी म्हणून आजीनं आयाचं काम करत महिनोन्‌महिने राहणं भेटीच्या व्हिसात बसत नाही. लेकींनी आणि सुनांनी आपल्या पत्रातही हे ध्यानात ठेवून लिहावं. दुसरी फेरी डिसेंबर-जानेवारीत झाली. तेव्हा आधीचा शिक्का पाहून फक्त दिवस विचारले.

पहिल्या फेरीत पॅरिसचं राहून गेलं. त्याच एजंटानं सांगितलं होतं की ब्रिटनच्या व्हिसावर युरोप फिरता येतो. साफ चूक. फ्रान्सला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असलेला एकच व्हिसा, वेगळा लागतो. त्याची फी मोठ्या माणसाला ९० युरो, किमान ३०,००० युरोंचा प्रवास-आरोग्य विमा सक्तीचा, आणि अर्ज आपण राहतो त्या देशातूनच करायचा असतो. ज्या देशात जास्त रात्री काढणार, त्याच्याकडे अर्ज. रात्री सारख्या असतील तर जिथं आधी उतरणार त्याच्याकडे. ब्रिटनला जोडून युरोप करायचा असेल तर दोन्ही व्हिसे इथूनच घेऊन निघा.

ब्रिटनला विमा सक्तीचा नाही, तरी आम्ही दोन्ही वेळा काढला. पाहुण्याला तिथं दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर सरकारी दराच्या दीडपट बिल लागतं, आणि ह्यांना बीपी आहे. सामानात तूप, पेढे, खवा नेऊ नका, दुधाचे पदार्थ भारतातून नेता येत नाहीत. काळं तिखट आणि शेंगदाण्याची चटणी मात्र दोन्ही वेळा आमच्यासोबत गेली.

यंदाच्या सोयाबीनचे पैसे ह्यांनी आडत्याला सांगून थेट खात्यात घेतले. पट्ट्या त्याच निळ्या फायलीत आहेत, सगळ्यात वर भाषांतर, पेन्सिलीनं गोल केलेल्या त्या 'आर'सकट.