इस्ट्रिऑल क्रीम: औषध गुणाचं, नळी भिकार

पाळी गेल्यावर योनीमार्गात येणाऱ्या कोरडेपणासाठीचं हे इस्ट्रोजेनचं क्रीम, बरेच महिने वापरून मग लिहितेय. निमित्त औषधाचं नाही, नळीचं आहे. क्रीमच्या खोक्यात ती पांढरी प्लास्टिकची अप्लिकेटरची नळी येते ना, तिच्यावरची मापाची रेघ पुसली गेली. प्रत्येक वेळी वापरून झाल्यावर कोमट पाण्याने आणि साबणाने धुवा, असं त्यांच्याच कागदावर लिहिलंय. मी धुतली. रेघ गेली. आता अर्धा ग्रॅम कुठपर्यंत ते देवाला माहीत.

मेडिकलमध्ये गेले तर उत्तर मिळालं, "काकू, नुसती नळी येत नाही, पूर्ण बॉक्स घ्या." घरी ट्यूब अर्धी शिल्लक! खोक्यावरच्या नंबरवर फोन लावला. हॉलमध्ये सासूबाई टीव्ही बघत होत्या म्हणून मी फोन घेऊन गॅलरीत उभी. पलीकडे एक पोरगा. "मॅडम, प्रॉब्लेम एक्झॅक्टली काय आहे?" मी सांगितलं, रेघ पुसली. "कुठली रेघ, मॅडम?" नळीवरची. "नळी म्हणजे ट्यूब का?" बावन्नाव्या वर्षी योनीमार्गात घालायच्या नळीचं वर्णन गॅलरीतून कुजबुजत करून बघा, म्हणजे कळेल. शेवटी त्याने तक्रार नंबर दिला आणि माझा कॉल 'रिझॉल्व्ह' झाल्याचा मेसेज पाठवला. नळी आलेली नाही.

आता औषधाबद्दल. पाळी जाऊन वर्ष उलटलंय त्यांना लक्षणं सांगायला नकोत. गरम वाफांबद्दल सगळ्या बोलतात, हळदीकुंकवात पदराने वारा घेत विनोदही होतात. खालच्या कोरडेपणाचं नाव कोणी काढत नाही. वाफा बहुतेकींच्या काही वर्षांत ओसरतात. हे दुखणं उपचार केला नाही तर सहसा आपोआप जात नाही, उलट वाढतं. इस्ट्रोजेन कमी झालं की आतलं अस्तर पातळ होतं, लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू घटतात, आणि साडेचारच्या आत असणारा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, पाचाच्या वर जातो (आम्लता कमी होते). मग लघवीची जळजळ, इन्फेक्शन, अँटिबायोटिक, पुन्हा इन्फेक्शन. मी फॅमिली डॉक्टरकडून गोळ्या आणायचे आणि ह्या इन्फेक्शनचा कोरडेपणाशी संबंध आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. २०१४ मध्ये तज्ज्ञांच्या संस्थांनी ह्या सगळ्याला मिळून एक नाव दिलं, जीएसएम (जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज), त्यात लघवीचा त्रासही धरलाय. आमच्या दवाखान्यापर्यंत ते पोचायला वेळ लागला असावा.

आणि संबंध. ब्लेड फिरवल्यासारखं व्हायचं. मी टाळायला लागले, नवऱ्याला वाटलं हिचं मन उडालं. मन जागेवर होतं, कातडी साथ देत नव्हती. हे वाक्य मी त्याला बोलून दाखवलं तेव्हा तोच म्हणाला, चल, गायनॅककडे जाऊ.

त्याआधी फुकटातले उपाय झाले होते. खोबरेल तेल सोसलं, पण चादरींना डाग पडतात आणि कंडोम वापरत असाल तर तेलाने लॅटेक्स फाटतं. (पन्नाशीनंतर पाळी थांबली तरी दिवस राहू नयेत म्हणून वर्षभर काळजी घ्यायची असते, पन्नाशीच्या आत थांबली तर दोन वर्षं. मला हे तपासणीच्या टेबलावर कळलं.) मग पाण्याचं लुब्रिकंट. कंडोम काउंटरवर दिमाखात मांडलेले आणि हे मात्र आतल्या कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळून. ते ग्लिसरीनवालं होतं, चिकट, वर चुरचुरायचं. जागतिक आरोग्य संघटनेने लुब्रिकंटची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे त्यात विरघळलेल्या कणांचं प्रमाण, १२०० च्या आत असावी म्हटलंय, ती जास्त असली की ते पेशींतलं पाणी ओढून घेतं. तो आकडा मी बाटल्या उलटसुलट करून शोधला, एकीवरही छापलेला नव्हता. सुगंध मात्र स्ट्रॉबेरीचा.

क्रीम रात्री झोपताना लावायचं, मला पहिले दोन आठवडे रोज सांगितलं, मग आठवड्यातून दोनदा. मंगळवार आणि शनिवार धरलेत. दोन आठवड्यांनी मी मैत्रिणीला मेसेज केला होता: पैसे पाण्यात. सकाळी थोडं बाहेर येतं, पँटीलायनर लावावं लागतं, फरक शून्य. डॉक्टरांनी पूर्ण परिणामाला बारा आठवडेही लागू शकतात असं बजावलं होतं, म्हणून आणि ट्यूब फुकट जाऊ नये म्हणूनही चालू ठेवलं. आधी लघवीची जळजळ गेली. चालताना कपडा घासून टोचायचं ते कधी थांबलं ते कळलंच नाही. संबंधांना त्याहून वेळ लागला, पण आता दुखत नाही. लुब्रिकंट सोडलेलं नाही, फक्त बिनग्लिसरीनचं घेते. क्रीम हे नेमाचं खत, लुब्रिकंट त्या वेळेपुरतं, दोन्हींची कामं वेगळी. क्रीम ऐनवेळी लुब्रिकंट म्हणून वापरायचं नाही, ते औषध आहे आणि जोडीदारालाही लागतं.

मध्ये एक आठवडा बंद केलं होतं, खोक्यातला कागद वाचून. रक्ताची गाठ, पक्षाघात, कॅन्सर, सगळं एका परिच्छेदात. ह्या भीतीचं मूळ २००२ मध्ये गाजलेल्या एका अमेरिकन अभ्यासात आहे. त्यातल्या बायका सरासरी ६३ वर्षांच्या होत्या आणि पोटातून हॉर्मोनच्या गोळ्या घेत होत्या. आतून लावायच्या कमी मात्रेच्या क्रीममधून रक्तात फारच थोडं जातं. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, अशा हॉर्मोनच्या औषधांवरची ह्या धोक्यांची चौकटीतली सूचना काढण्याचं जाहीर केलं. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर मात्र आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि पाळी गेल्यावर थेंबभर रक्त दिसलं तरी क्रीमवर ढकलू नका, दाखवून या.

पैशांचं सांगते. १५ ग्रॅमची ट्यूब, अर्धा ग्रॅम एका वेळी, म्हणजे ३० वेळा. आठवड्यातून दोनदा धरलं तर पंधरा आठवडे. कागदावर. प्रत्यक्षात नळीच्या तोंडाशी आणि दट्ट्याखाली दर वेळी थोडं अडकून बसतं ते धुण्यात जातं. औषध हजाराच्या खूप आत येतं म्हणून ठीक, पण दट्ट्या शेवटपर्यंत पोचत नाही अशी नळी बनवणाऱ्याने स्वतः एकदा वापरून बघावी. माझ्या गायनॅकच्याच क्लिनिकच्या भिंतीवर योनीमार्गाच्या लेझरची जाहिरात होती, काही हजारांत 'पुन्हा तारुण्य'. अशा जाहिरातींबद्दल एफडीएने २०१८ मध्येच इशारा दिलाय, भाजणं, व्रण, दुखणं वाढणं असे अनुभव नोंदलेत. मी ते पत्रक कप्प्यात अंथरायला घेतलं.

नळीवर उपाय डॉक्टरांनीच दिला, हसत हसत. बोट वापरा. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते, त्वचेचे डॉक्टर मलमाला हेच माप सांगतात. बाईचं बोट लहान, तेव्हा किंचित कमी. हात धुवायचा, नखं कापलेली हवीत. निम्मं आत, थोडं तोंडाशी, जिथे नळी पोचतच नाही आणि जिथे जास्त चुरचुरतं. आत अडकून वाया जात नाही, ट्यूब हिशोबाला जवळजवळ पुरते. तक्रार नंबर अजून जपून ठेवलाय, पुढच्या सोमवारी परत फोन करणार आहे.