नुसती सही की अख्खं पत्र?

व्हिक्टोरियन काळातल्या इंग्रज नट-लेखकांचं हस्ताक्षर विकत घ्यायचं ठरवलं की पैसे मोजके असतात आणि मोह मोठा. तेवढ्याच रकमेत कादंबरीकार चार्ल्स डिकन्सची कापलेली सही घ्यावी, की जे. एल. टूलसारख्या आज विस्मरणात गेलेल्या विनोदी नटाचं पूर्ण पत्र? मी टूलचं पत्र घेईन.

त्या काळी पत्राच्या तळाची सही कात्रीने कापून वहीत डकवायची हौस होती. त्यात मायना गेला, मजकूर गेला, पत्ता आणि तारीखही गेली. उरलेल्या दोन शब्दांवरून खरं-खोटं ठरवायचं म्हणजे अवघड काम. त्यातून डिकन्सच्या सहीखालचे फराटे इतके ओळखीचे, की बनावट सही करणारा आधी तेच गिरवतो. शिवाय त्याची चौदा हजारांहून जास्त पत्रं आज माहीत आहेत. म्हणजे ती दुर्मीळ नाहीत; भाव चढतो तो मागणीमुळे. अगदी डिकन्सच हवा असेल, तर सही असलेलं पाकीट शोधा. पाकिटाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात तो नाव लिहीत असे, आणि टपालाचा शिक्का स्पष्ट असेल तर तारीखही मिळते.

पत्रात माणूस बोलतो. पण तिथेही डोळे उघडे ठेवावे लागतात. त्या काळचा गाजलेला नट हेन्री आयर्व्हिंग याने 1878 मध्ये लंडनचं लायसियम थिएटर हाती घेतलं आणि व्यवस्थापक म्हणून ब्रॅम स्टोकरला आणलं. आयर्व्हिंगच्या नावाने जाणारी कितीतरी पत्रं स्टोकरच लिहायचा. म्हणून मजकूर आणि सही एकाच हातची आहे का, हे आधी बघा. नसेल तर किंमत आयर्व्हिंगच्या स्वहस्ते लिहिलेल्या पत्राची देऊ नका. तरी असं पत्र लगेच परत करू नका. पुढे 1897 मध्ये ‘ड्रॅक्युला’ लिहिणाऱ्याचं अक्षर तुमच्या हातात असू शकतं!

अनेक पत्रांवर नुसता ‘गुरुवार’ असतो. तिथे छापील पत्ता कामी येतो: आयर्व्हिंग 1872 ते 1899 ग्राफ्टन स्ट्रीटवर राहत होता. पत्र खरंच हाताने लिहिलेलं आहे का, हेही तपासा: टाकाने दाब दिलेल्या रेघेच्या दोन्ही कडा भिंगाखाली गडद दिसतात. छापलेल्या प्रतीत तसं होत नाही.

सही केलेले फोटो दिसायला देखणे, पण बऱ्याच फोटोंवरची सही छापील असते आणि भिंतीवर टांगले की ते विटतात. मी त्यांच्या वाटेला जात नाही.

आणखी एक. पत्र तुमचं झालं तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याच्या वारसांकडे राहतो. 1989 पर्यंत अप्रकाशित राहिलेल्या अशा जुन्या पत्रांना ब्रिटनमध्ये 2039 अखेरपर्यंत संरक्षण आहे, तेव्हा छापण्याआधी चौकशी करा.

घरी आणल्यावर लॅमिनेशन अजिबात नको. त्या काळची लोहयुक्त शाई दमट हवेत कागद खात जाते. मुंबई-कोकणात तर आम्लरहित कागदाच्या घडीत, कोरड्या कपाटातच ठेवा.