किल्ल्यावर काय पेरायचं: अळीव, मोहरी, गहू की काहीच नाही?

दसऱ्याला घट उठले की साताऱ्याच्या गल्लीबोळांतून पोरं घमेली घेऊन माती हुडकायला निघतात. किल्ला कुठला करायचा यावरून पहिलं भांडण, माती कुणाच्या परड्यातून उचलायची यावरून दुसरं. हिरवळीचा विषय मात्र वसुबारसेच्या आदल्या रात्री कुणाच्या तरी आईला आठवतो. तोवर उशीर झालेला असतो, मग हिरवा रंग लावलेला लाकडाचा भुसा भुरभुरून वेळ भागवली जाते. खरं तर हे सगळ्यात आधी ठरवायला हवं. उतार किती ठेवायचा, पोतं लावायचं की नुसती माती, बांधायला कधी बसायचं, हे सगळं पेरणीवर अवलंबून असतं.

आमच्या अंगणात तिन्ही पेरून झालंय. माझं मत अळीवाकडे झुकतं, पण सरसकट नाही.

उतारावर अळीवाला तोड नाही, कारण तो चिकट असतो. दाण्याला पाणी लागलं की भोवती बुळबुळीत गर तयार होतो. लाडवांसाठी नारळाच्या पाण्यात भिजवताना हा गर तुम्ही पाहिलाच असेल. त्या गरानं दाणा पडेल तिथंच धरून बसतो, म्हणून उभ्या कड्यावर, अगदी बुरुजाच्या अंगावरही अळीव उगवतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पांढरे कोंब दिसतात आणि पाचव्या दिवशी लांबून बघितलं तर गवताळ डोंगर. पान बारीक असल्यामुळं बोटभर मावळ्याशेजारी ते झुडूपच वाटतं. तीन बाय तीन फुटांच्या किल्ल्याला 100 ग्रॅम पुरतात. उरले तर लाडू.

यात चूक एकच होते आणि ती आम्ही केलीय. लवकर उगवावेत म्हणून अळीव रात्रभर वाटीत भिजवले. सकाळी वाटीत जेली! ती चमच्यानं थापली, तर गोळा पडला तिथं जटा आणि बाकी डोंगर टकला. अळीव कोरडेच घ्या, मूठभर कोरड्या वाळूत मिसळून ओल्या मातीवर भुरभुरा आणि वरून स्प्रेनं पाणी मारा. मातीनं झाकायची गरज नाही. तांब्यानं पाणी ओतलंत तर मात्र चिकटलेले दाणेही मातीसकट खाली येतील.

अळीवाचं आयुष्य कमी, हा त्याचा दोष. दहा-बारा दिवसांत देठ लांबतात, माना टाकतात, पिवळे पडतात. सावलीतल्या गॅलरीत तर त्याआधीच. म्हणून उत्साहाच्या भरात दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पेरू नका. वसुबारसेच्या पाच दिवस आधी पेरलेले अळीव भाऊबीजेपर्यंत साथ देतात. दिवाळी नोव्हेंबरात असेल आणि पहाटे गारठा पडायला लागला असेल, तर दोन दिवस आणखी धरा.

मोहरी मिसळणाच्या डब्यातच असते, त्यामुळं दुकान बंद असलं तरी अडत नाही. पण दाणा गोल, गुळगुळीत. उतारावर टाकला की घरंगळत तळाशी जातो. आमच्या मोहरीच्या किल्ल्याचा माथा बोडका राहिला होता आणि पायथ्याला इतकं दाट रान माजलं, की त्यात घोडेस्वार हरवले. मोहरी पेरायची तर बोटानं आडव्या चऱ्या काढाव्या लागतात, किंवा मग जुनी पद्धत: दगड-विटांच्या ढिगावर गोणपाट ताणायचं आणि त्यावर पातळ चिखल चढवायचा. गोणपाटाच्या विणीत दाणा अडकतो, मुळंही तिथंच शिरतात आणि पोतं ओल धरून ठेवतं. वर चिमूटभर माती भुरभुरली की झालं. एवढी मेहनत घेतलीत तर मोहरी अळीवापेक्षा देखणी दिसते. पानं मोठी, जोडीनं येणारी, रान भरल्यासारखं वाटतं आणि टिकतंही थोडं जास्त. चिमण्यांचा त्रास मात्र आहे. कोंब येईपर्यंत वर जुनी ओढणी टाकून ठेवा.

गव्हाचा हट्ट बहुतेक आजीचा असतो, कारण नवरात्रात घटात तो उगवलेला तिनं नुकताच पाहिलेला असतो. पण घट आणि किल्ला वेगळा. गव्हाचा दाणा मोठा, आठ-दहा तास भिजवून मातीत दाबावा लागतो, आठवड्यात वीतभर होतो आणि शेजारचा मावळा उसात शिरल्यासारखा दिसतो. कड्यावर तर नकोच. पायथ्याच्या गावाशेजारी शेताचे दोन वाफे करायचे असतील तर मात्र गव्हासारखं दुसरं काही नाही. घटातलं धन पिवळं पडतं ते देवघरातल्या अंधारामुळं; उन्हात ठेवलेला गहू हिरवागार राहतो. नाचणीचंही गवत छान बारीक येतं, फक्त तिला थोडा जास्त अवधी द्या.

आता कुठला किल्ला करताय ते बघा, कारण आपल्या जिल्ह्यात सगळे डोंगर सारखे हिरवे नाहीत. वासोटा कोयनेच्या जंगलात, शिवसागर जलाशयापलीकडे. तो करायचा तर पोतं लावून दाट मोहरीच पेरा. प्रतापगडही जावळीच्या रानातला. पण पोरांना 10 नोव्हेंबर 1659 ची अफझलखानाची भेट मांडायची असतेच, तेव्हा पायथ्याला शामियान्यापुरती जागा मोकळी सोडा. अजिंक्यतारा रोज डोळ्यांसमोर असतो, त्यामुळं चूक कुणीही दाखवतं: माथा सपाट हवा, उतारावर गवत, मधूनच उघडा खडक. तिथं अळीव विरळ पेरा. वरच्या टीव्हीच्या मनोऱ्याला छत्रीची तुटकी काडी चालते. वर्धनगड, महिमानगड, भूषणगड हे पूर्वेकडचे, कमी पावसाच्या मुलखातले. त्यांच्यावर हिरवंगार रान उगवलं तर माण-खटावचा पाहुणा हसेल. तटाच्या सावलीला चिमूटभर नाचणी टाका आणि बाकी माती तशीच दिसू द्या. पेरायला वेळच नसेल तर यातलाच एक किल्ला निवडा, म्हणजे आळस झाकला जातो.

मातीतही फरक आहे. काळी माती ओल धरते, पण सुकली की भेगा पडतात आणि भेगेत पेरलेलं सगळं गडप होतं. ती चाळून त्यात थोडं शेण आणि वाळू मिसळा. तांबडी माती आकार चांगला धरते आणि रंगानं सह्याद्रीची वाटते. फक्त ती आणायला कासला जाऊ नका. ते पठार 2012 पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि तिथल्या कातळावर मुळातच मातीचा पातळ थर असतो; त्या थरावरच तिथली फुलं जगतात.

परतीचा पाऊस आला तर प्लॅस्टिक टाका, पण ऊन पडताच काढा. आत कोंडलेल्या ओलीनं रोपं बुडाशी कुजून एका रात्रीत आडवी होतात. पणत्यांसाठी बुरुजांवर चार-चार बोटं जागा न पेरता ठेवा. तेल सांडलेल्या जागी पुन्हा काही उगवत नाही, आणि ज्योतीची धग लागली की अळीव आधी करपतात.

फ्लॅटच्या गॅलरीत किल्ला मोठ्या परातीत किंवा काठ असलेल्या पत्र्यावर बांधा. नाहीतर चिखलाचं पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळवणावर टपकतं आणि फराळाच्या ताटाबरोबर माफीही न्यावी लागते. गॅलरीत फक्त अळीव. बाजारातला प्लॅस्टरचा तयार किल्ला आणायचा असेल तर पेरणीचा प्रश्नच नाही. मात्र मग पोरांना आठ दिवस दुसरा काय उद्योग देणार ते आधी ठरवा.

तुळशीचं लग्न लागलं की मावळे खोक्यात ठेवा, दगड-विटा बाजूला काढा आणि किल्ला फोडून उगवलेल्यासकट कुंड्यांत भरा. त्याच मातीत आम्ही मेथी टाकतो.