फायबरच्या फोनवर चोर-अलार्म: दिवाळी ते पावसाळा वापरून

सांगलीच्या गावभागात घराला कुलूप लागतं ते लग्नसराईत, नाहीतर कृष्णा चढली की. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकलं की आम्ही सामान माळ्यावर टाकून विश्रामबागला भावाकडे जातो. २०१९ च्या महापुरानंतर ४५ फुटांच्या धोका पातळीची वाट बघत बसायची कुणाची छाती नाही. मागे घराची राखण अलार्म करतो. दार उघडलं की सायरन वाजतो आणि अलार्मचा मुख्य डबा, म्हणजे पॅनल, स्वतः आमच्या मोबाइलवर फोन लावून रेकॉर्ड केलेला निरोप ऐकवतं.

हे सगळं आधी तांब्याच्या लँडलाइनवर होतं, दिवाळीपासून फायबरच्या फोनवर आहे. बसवणारा पोरगा म्हणाला, "काका, काही फरक पडत नाही." आवाज खरंच आधीपेक्षा स्वच्छ आहे आणि निरोपाचे कॉल बिनचूक येतात. पण लाइट गेली की गंमत कळते.

जुन्या लाइनला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट यायचे, घरात अंधार असला तरी फोन चालू. फायबर म्हणजे काच, तिच्यातून वीज कुठली येणार? फायबरची तार ज्यात येते आणि ज्यातून फोन निघतो, तो भिंतीवरचा ओएनटीचा डबा घरच्या प्लगवर चालतो. पॅनलच्या पोटात १२ व्होल्टची बॅटरी असते, त्यामुळे सायरन बोंबलत राहतो, पण डबा बंद असल्याने फोन लागत नाही. पूर आला की धोका नको म्हणून डीपीच बंद करतात. म्हणजे घर रिकामं असतं नेमकं तेव्हाच.

राउटरचा छोटा यूपीएस लावला. डब्याच्या अ‍ॅडॉप्टरवर १२ व्होल्ट लिहिलेलं बघूनच घ्यावा. माझा तीनेक तास पुरतो. रोजच्या लोडशेडिंगला ठीक, पुराला काय कामाचा?

दुसरी गोष्ट जास्त खटकली. चाचणी म्हणून फायबरची पिन काढली, तरी पॅनलवर टेलिफोन लाइनचा दिवा हिरवाच! पॅनल फक्त तारेवरचा व्होल्टेज बघतं आणि तो व्होल्टेज आता डबाच पुरवतो. तांब्याची तार तोडली की पॅनल लगेच ओरडायचं, इथे इंटरनेट तुटल्याचा त्याला पत्ताच नाही. तुमच्याकडेही पिन काढून बघा. सगळे डबे असंच वागतात असं नाही.

जोडणी करताना डब्याची तार आधी पॅनलच्या लाइनच्या टर्मिनलला आणि तिथून पुढे हँडसेटला घ्या. समांतर जोडली आणि कुणी रिसीव्हर बाजूला काढून ठेवला, तर पॅनलला लाइन मिळत नाही. अलार्मवर लांबून लक्ष ठेवणाऱ्या मॉनिटरिंग कंपनीचं कनेक्शन असेल तर आणखी एक भानगड आहे. तिथे पॅनल बोलत नाही, टोनमध्ये कोड पाठवतं. इंटरनेटवर आवाज दाबून पाठवला की ते टोन बिघडू शकतात. फोन कंपनीकडे जी.७११ कोडेक (आवाज पाठवायची पद्धत) मागा, आवाज जास्त दाबणारा जी.७२९ नको.

शेवटी सिमवाला जीएसएम डायलर, म्हणजे मोबाइल नेटवर्कवरून फोन लावणारं यंत्र, जोडून घेतला, तो पॅनलच्याच बॅटरीवर चालतो. स्वस्तातले बरेच डायलर २जीचे असतात, त्यात जिओचं सिम चालत नाही, कारण जिओकडे २जी नाहीच. सिमचं रिचार्ज मात्र आठवणीने करावं लागतं. ते काम आमच्या घरात सूनबाईंकडे आहे. फायबरचा फोन आता दुसऱ्या नंबरचा मार्ग म्हणून ठेवलाय आणि तेवढ्यासाठी तो चांगला आहे.